हिब्रू नावांचे अर्थ लावताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक शमुवेलची, म्हणजे इंग्रजीतल्या सॅम्युएलची. बाळांच्या नावांच्या याद्या बिनदिक्कत सांगतात: ‘देवाने ऐकले’. अहो, तो अर्थ इश्माएलचा! हिब्रूत ‘ऐकणे’चा धातू शिन, मेम, आयिन या तीन अक्षरांचा. आयिन इश्माएलमध्ये आहे, शमुवेलमध्ये नाही. तिथे आहे तो आलेफ. देवनागरीत ही दोन्ही अक्षरं स्वरांत विरघळून जातात, म्हणून फरक दिसतच नाही. शमुवेलची सरळ फोड ‘शेम’ म्हणजे नाव आणि ‘एल’ म्हणजे देव अशी होते. पुढे ‘देवाचं नाव’ म्हणायचं की ‘त्याचं नाव एल’, यावर अभ्यासकांनी खुशाल भांडावं.

मी आधी नाव हिब्रू अक्षरांत कागदावर लिहितो. त्याआधी अर्थाकडे बघतच नाही. नवशिक्यांना एवढाही धीर नसतो.

मग बायबल पुढे केलं जातं. हन्नाने मुलगा परमेश्वराकडे मागून घेतला म्हणून शमुवेल, असं तिथे आहे खरं. पण ‘मागणे’च्या धातूतून सरळ निघतं ते शौल, म्हणजे ‘मागितलेला’. बायबलमधली नावांची कारणं पुष्कळदा नादावर साधलेली असतात; त्यांना व्युत्पत्ती समजू नका. मोशेचं, म्हणजे मोझेसचंही तसंच. कारण दिलंय ‘पाण्यातून काढला’, पण नाव ठेवणारी फारोची, म्हणजे इजिप्तच्या राजाची मुलगी, आणि थुतमोससारख्या इजिप्शियन नावांतला शेवटचा भाग ‘जन्मलेला’ या अर्थाचा.

मराठी कानावर विसंबणं तर त्याहून वाईट. एका दिवाळी अंकासाठी आलेला लेख माझ्याकडे तपासायला होता. विषय सामाजी हसाजी दिवेकर, 1796 मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधणारे बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू समाजातले गृहस्थ. लेखकाने सामाजी ‘समाज’वरून काढलं होतं आणि हसाजी हसतमुख स्वभावावरून! त्यावर दोन पानं. वास्तविक हे सॅम्युएल इझिकिएल. सामाजी म्हणजे शमुवेल. हसाजी म्हणजे यहेज्केल, ‘देव बळ देतो’. ‘जी’ आणि ‘कर’ तेवढे आपले. फोन केला तर उत्तर आलं, “पण वाचकांना पटतं ना!” पटायला काय जातं? आणि हसूच हवं होतं तर इसहाक होता की. त्याचा धातू खरोखर हसण्याचा, आणि बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकात त्याची आई सारा हसते ती त्याच्याच जन्माच्या बातमीवर. पानं शेवटी कापली. लेखक अजून रागावलेले आहेत.

अब्राहम म्हणजे ब्रह्मा आणि सारा म्हणजे सरस्वती? नाद सोडा.

थॉमस आणि मार्था ही नावं हिब्रू नव्हेत, तिच्या जवळच्या अरामी भाषेतली आहेत.

एस्तेरचा अर्थ हिब्रूत शोधत बसू नका. तिचं हिब्रू नाव हदस्सा.

जुन्या हिब्रूत ‘ज’ नाही, तेव्हा ‘जेकब’ बाजूला ठेवून याकोबपासून सुरुवात करा.