डीए चालू आहे, पण पॅड फिरतंय का?

गाडी पॉलिश करताना रोटरी (पॅड थेट गोल फिरवणारं मशीन) सोडून डीएकडे, म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशरकडे, वळणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: बॅकिंग प्लेटच्या (पॅड चिकटवायच्या तबकडीच्या) कडेवर मार्करने एक जाड रेघ मारा. मशीन गाडीला लावायच्या आधी.

डीएची मोटर पॅडला फक्त छोट्या वर्तुळात हलवते. पॅडची स्वतःभोवतीची गिरकी मोकळ्या बेअरिंगवर असते, मोटर तिला थेट फिरवत नाही. (गिअरवाल्या मशीनची गोष्ट वेगळी.) त्यामुळे तुम्ही जास्त दाबलंत किंवा मशीन जरा तिरकं झालं, की गिरकी बंद पडते आणि पॅड जागच्या जागी थरथरत राहतं. आवाज चालूच, हाताला हादरे चालूच, कंपाउंडही (ओरखडे घासून काढायची पेस्ट) छान पसरलेलं. स्वर्ल, म्हणजे रंगावरचे बारीक गोल ओरखडे, मात्र तसेच! मग आपण कंपाउंडला नावं ठेवतो, त्याहून कडक आणतो आणि आणखी जोर लावतो. इथे बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) मी ज्यांच्या हाताखाली शिकलो, ते दिवसभर “जोर लाव” एवढंच म्हणायचे. रोटरी दाबली तरी फिरते, त्यांचं आयुष्य तिच्यावर गेलेलं. डीएवर तोच जोर काम बंद पाडतो. उस्तादाचा हात बघून खूप शिकता येतं, पण त्याने हे मशीन स्वतः वापरलंय का, हे आधी विचारा. संध्याकाळी मनगट भरून यायचं आणि उन्हात बॉनेट बघून रडू यायचं, ते अजून विसरलेलो नाही.

रेघ गोल फिरताना दिसली तर ठीक. नुसती थरथरली तर दाब कमी करा, पॅड सपाट धरा. तरीही फिरत नसेल तर पॅड कंपाउंडने भरलंय. ब्रशने साफ करा, नाहीतर बदला. व्हील आर्च आणि बंपरच्या वळणांवर 21 मिमी थ्रोचं (थ्रो म्हणजे पॅड हलतं त्या छोट्या वर्तुळाचा व्यास) मशीन पटकन अडतं. पहिलं मशीन 15 मिमीचंच घ्या, 21 च्या मोहात पडू नका. हात सावकाश चालवा, दोन फूट बाय दोन फुटांपेक्षा मोठा सेक्शन घेऊ नका.

क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण 35 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाच्या निम्म्याहून जाड क्वचितच. गेलेला थर परत येत नाही. कडांवर तो आणखी पातळ, तिथे टेप लावा. पण घाबरून हात आखडू नका. डीए रोटरीइतका झटकन रंग जाळत नाही. भंगारातून गडद रंगाचं बॉनेट आणा आणि त्यावर मनसोक्त शिका.

“एका हातात आरसा” म्हणून विकल्या जाणाऱ्या पॉलिशचा मला मनापासून राग आहे. त्यातले बरेच ओरखडे नुसते भरतात, चार वेळा गाडी धुतली की सगळं पुन्हा वर. प्रत्येक सेक्शननंतर आयपीएने (आयसोप्रोपाइल अल्कोहोलने) पुसून मगच टॉर्च मारा.

बडोद्याच्या उन्हाळ्यात पत्रा तापलेला असताना काम नकोच, कंपाउंड लगेच सुकतं. आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग दिसले की थेट मशीन उचलू नका. आधी डाग काढायचं आम्लयुक्त लिक्विड वापरून बघा. त्यानेही न गेलेले, क्लिअर कोटमध्ये उतरलेले डाग पूर्ण निघतीलच असं नाही, हे गाडी ताब्यात घेतानाच ग्राहकाला दाखवून सांगा.