खड्यांचे दागिने करून विकताय? समुद्राकाठी या चुका टाळा

गेल्या आठवड्यात आणखी एक मोत्यांचा सर माझ्याकडे दुरुस्तीला आला. तंगुसात, म्हणजे मासेमारीच्या नायलॉनच्या दोऱ्यात, ओवलेला. गाठीवर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा पांढरा खरपुडा धरलेला आणि हुकाजवळ तंगूस तुटून टोकं वर आलेली. तो सर करणारी मुलगी दोन महिन्यांपूर्वी या धंद्यात आली. मी विचारलं तर म्हणाली, "काकू, तंगूस एवढा मासा तोलतो, मग मोती नाही तोलणार?"

हा प्रश्न मला दर वर्षी कोणीतरी विचारतं, म्हणून आज सविस्तर लिहिते. रत्नागिरीत राहून मी अकरा वर्षं खड्यांचे आणि मोत्यांचे दागिने करते. पुण्यात चालून जाणाऱ्या काही चुका इथल्या खाऱ्या हवेत आठ दिवसांत उघड्या पडतात.

तंगूस आणि गोंद

मासेमारीचा तंगूस एका सरळ ओढीसाठी केलेला असतो. गळ्यातली माळ दिवसभर वळते, घासते, घाम पिते आणि रात्री डबीत गुंडाळून पडते. तंगूस गुळगुळीत आणि ताठ असतो, त्यामुळे त्याची गाठ आवळून बसत नाही, हळूहळू सरकते. उन्हाने नायलॉन कमजोर होतं. स्फटिकाच्या किंवा तामड्याच्या मण्याच्या भोकाची कड धारदार असते. तिने तंगुसाला एकदा खाच पाडली की तो तिथेच तुटणार. वरून गोंद लावला तर गाठीजवळचा भाग कडक होतो आणि नेमका तिथे मोडतो.

हे सगळं मी एका घरातले मोती सांडून शिकले. माझं तिसरं वर्ष होतं. मुंबईहून गणपतीला आलेल्या एका बाईंनी सासूबाईंचे मोती गाठवायला दिले होते. एकूण त्रेसष्ट. घरातलं रेशीम संपलं होतं, चतुर्थीला दोन दिवस होते, दुकानात तंगूस मिळाला. एवढी एक वेळ चालेल म्हणून मी ओवून दिलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आरतीला लहान मुलाने मान धरली आणि सर तुटला. मोती पडवीतून घरंगळत खळ्यात गेले. बाहेर पाऊस कोसळत होता. घरच्यांनी विजेरी घेऊन रात्री अकरापर्यंत शोधलं, तेव्हा अठ्ठावन्न सापडले. पाच पाण्याबरोबर वाहून गेले.

जुन्या मोत्याला वर्षानुवर्षं अंगावर राहून सायीसारखा पिवळसर रंग आलेला असतो. त्या रंगाचे पाच मोती मिळवायला मला हैदराबादच्या व्यापाऱ्याकडे तीन वेळा नमुने पाठवावे लागले. तरी छटा जुळली नाही. शेवटी ते पाच मोती मागे, हुकाच्या बाजूला घातले. पैसे मी घेतले नाहीत. त्या बाई अजून माझ्याकडे येतात, पण तो सर त्यांनी परत कधी घातलेला मी पाहिला नाही.

आता माझी पद्धत सांगते. मोत्याला रेशीमच. दुहेरी घेते आणि ओवण्याआधी एक रात्र खाली वजन बांधून खुंटीला टांगते, म्हणजे जो ताण पडायचा तो आधीच पडतो. प्रत्येक मोत्यानंतर गाठ, सुईने मोत्याला अगदी भिडवून. त्याने दोन मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि सर तुटला तरी एखादाच मोती निसटतो. दागिने रेशमात ओवणारे पटवेकरी पिढ्यान्‌पिढ्या असंच गाठवत आले आहेत. यात वेळ जातो, पण तो वेळ वाचवायचा मार्ग मला तरी सापडलेला नाही. धो धो पाऊस असेल त्या दिवशी मी मोती गाठवायला घेत नाही, कारण ओलसर रेशमावर मारलेली गाठ सुकल्यावर ढिली पडते. रोज वापरातला सर वर्षातून एकदा परत गाठवून घ्या, हे गिऱ्हाइकाला तोंडीही सांगते आणि डबीतल्या चिठ्ठीवरही लिहिते.

स्फटिक, तामडा, गोमेद असे कडक मणी असतील तर रेशीम नको, भोकाची कड ते कापते. त्यांना नायलॉनचा लेप दिलेली बारीक स्टीलची तार घ्या आणि टोकं क्रिम्प, म्हणजे दाबून बसवायच्या धातूच्या बारीक मण्याने बंद करा. क्रिम्प नेहमीच्या पकडीने चपटा करू नका. त्याची वेगळी पकड मिळते, तिच्यावर दोनशे-तीनशे रुपये खर्च करा.

खडा फोडून न बघता माल उचलणं

याबद्दल माझं मत कडक आहे. आपण विकतो तो खडा काय आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याने तो विकू नये.

पाचव्या वर्षी एका लग्नासाठी आठ फिरोजाच्या माळांची ऑर्डर आली. करवल्यांना सगळ्यांना सारख्या हव्या होत्या. मुंबईच्या घाऊक बाजारातून मणी आणले. निळा रंग, वर काळसर जाळी, बघताच आवडले. भाव स्वस्त होता, आणि तिथेच मी थांबायला हवं होतं. लग्न एप्रिलच्या शेवटी, मांडवात पंखे असूनही सगळे घामाने निथळत होते. दुपारपर्यंत तीन मुलींच्या मोतिया रंगाच्या ब्लाउजच्या गळ्याला निळा ओघळ आला. फोटोंतही तो दिसतो.

घरी येऊन मी उरलेला एक मणी पाट्यावर ठेवून वरवंट्याने फोडला. आतून पांढराशुभ्र. तो हावलाइट होता. या पांढऱ्या खनिजावर मुळातच करड्या-काळ्या शिरा असतात आणि ते सच्छिद्र असल्यामुळे रंग पटकन पितं, म्हणून फिरोजाच्या नावाने ते सर्रास विकलं जातं. कडकपणाच्या मोहस मोजपट्टीवर ते साडेतीनच्या आसपास, तर खरा फिरोजा पाच ते सहा. खऱ्या फिरोजावरही बहुतेक वेळा मेण किंवा राळेची प्रक्रिया केलेली असते, त्यात गैर नाही, फक्त ते सांगावं. पण चांगला फिरोजा स्वस्त नसतो. इराणमधल्या निशापूरचा फिरोजा शतकानुशतकं नावाजलेला आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोनाची स्लीपिंग ब्यूटी खाण, जिचा स्वच्छ निळा फिरोजा जगभर जायचा, ती २०१२ मध्ये बंद झाली. मग वीस रुपये मण्याने तो कुठून येणार, हा प्रश्न मी त्या दिवशी स्वतःला विचारला नव्हता.

तेव्हापासून नवीन माल आला की दर माळेतले दोन मणी मी बाजूला काढते. कापसाच्या काडीवर नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन घेऊन एक घासते. दुसरा मणी मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवते आणि सकाळी पांढऱ्या फडक्यावर पुसते. तरीही शंका राहिली तर फोडते. एक मणी वाया गेला म्हणून जीव हळहळणाऱ्यांनी त्या तीन ब्लाउजचा हिशेब करून बघावा.

रंगवलेला प्रत्येक खडा वाईट असं माझं म्हणणं नाही. गुजरातेतल्या खंबायतचा अकीक रंगवून येतो, पण तो रंग प्रक्रियेने आत मुरवलेला असतो आणि सहसा सुटत नाही. बिलावर 'रंगवलेला अकीक' लिहायचं, संपलं. माणकात काच भरलेली असते तेव्हा मात्र जपा. असा माणिक सोनाराच्या भट्टीत गेला किंवा त्याला लिंबाचा रस लागला तरी बिघडतो. राशीचा म्हणून कोणी महागाचा माणिक, नीलम, पाचू मागितला तर मी स्वतः तपासत बसत नाही, प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र असलेलाच खडा देते. वजन कॅरेटमध्ये मागा. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, ते सगळीकडे सारखं. रत्तीचं माप दुकानागणिक बदलतं आणि तिथे नवखा माणूस हमखास फसतो.

धातू

९२.५ ची चांदी म्हणजे उरलेला ७.५ टक्के बहुतेक तांबं. हवेतल्या गंधकाने चांदी काळी पडते आणि आपल्याकडची दमट हवा त्याला हातभार लावते. म्हणून चांदीच्या वस्तू रबरबँडने बांधून ठेवू नका, रबरात गंधक असतं. मी झिपच्या पिशव्या वापरते, हवा दाबून काढून, आत सिलिका जेलची पुडी. आगोटीच्या, म्हणजे पावसाळा लागण्याच्या, आधी सगळ्या पुड्या बदलते. मखमली डब्या दाखवायला छान असतात, पण जुलैत त्यांना बुरशी येते.

पितळेवर सोन्याचं पाणी दिलेला माल समुद्राजवळच्या दुकानात ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. मुलामा अतिशय पातळ असतो. तो कडेला झिजला की खाऱ्या वाऱ्याने आतल्या पितळेवर हिरवट डाग येतात आणि गिऱ्हाईक तुमचं नाव घेतं, कारखान्याचं नाही. कानातल्यांचा आकडा तरी चांदीचा ठेवा. पुष्कळ बायकांचे कान स्वस्त धातूतल्या निकेलने चिघळतात.

दागिना काळा पडला की सोडा, गरम पाणी आणि ॲल्युमिनियमच्या फॉइलचा उपाय सगळ्यांना मोबाइलवर सापडतो. साध्या चांदीला तो चालतो. मोती, फिरोजा, पोवळं बसवलेल्या दागिन्याला तो कधीही करू नका. टूथपेस्टनेही नको, चांदीवर चरे पडतात.

किंमत

नवीन मुलींना भाव कमी लावण्याच्या चुकीबद्दल सांगताना मला सगळ्यात वाईट वाटतं. मेहनत चांगली असते आणि सहा महिन्यांत धंदा बंद होतो.

गणपतीपुळ्याला स्टॉल लावलेल्या एका मुलीची मूनस्टोनची माळ मी हातात घेतली. मणी २२० रुपयांचे, चांदीचा हुक आणि कड्या १६०, दोरा, डबी, पिशवी मिळून ४५. एकूण ४२५. तीन तासांचं काम. तिने भाव सांगितला ६००, पर्यटकाने घासाघीस करून ५०० ला नेली. तीन तासांचे पंचाहत्तर रुपये, आणि त्यातून स्टॉलचं भाडं.

माझा हिशेब असा. साहित्य ४२५. तासाला १२० रुपये धरून तीन तासांचे ३६०. झाले ७८५. त्यावर मोडतोड, परत आलेला माल आणि न खपलेला माल यासाठी पंधरा टक्के. नऊशेच्या आसपास येतं. तेवढ्याला ती माळ जात नसेल तर डिझाइन बदला, मणी कमी करा, लटकन लहान करा. स्वतःचा तास फुकट देऊन भाव खाली आणू नका. चांदीचा भाव महिन्याला एकदा तरी पाहून दरपत्रक बदला. २०२५ मध्ये तो ज्या वेगाने चढला, त्यात जुन्या दराने ऑर्डर घेतलेल्यांनी पदरचे पैसे घातले.

बाकीच्या चुका

जोडकडी उघडताना दोन्ही टोकं बाजूला फाकवू नका, एक पुढे आणि एक मागे अशी पिळा. फाकवलेली कडी परत गोल बसत नाही.

जमुनिया आणि गुलाबी स्फटिक दुकानाच्या उन्हाच्या फळीवर मांडू नका, फिके पडतात.

फोटो ट्यूबलाइटखाली काढू नका. सकाळी पडवीतल्या उजेडात, पांढऱ्या कागदावर काढा आणि रंग फिल्टरने वाढवू नका. परत आलेल्या पार्सलांपैकी अर्धी त्याच कारणाने येतात.

किनाऱ्यावर सापडलेलं पोवळं, पंख्यासारखे दिसणारे सी फॅन, मालवणला बुडी मारताना हाताला आलेलं काहीही दागिन्यात वापरू नका. दगडी प्रवाळ आणि सी फॅन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, आणि मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. 'किनाऱ्यावर पडलेलंच तर होतं' हे उत्तर चालत नाही. मला हे उत्तर ऐकलं की फार राग येतो, कारण तोच समुद्र दाखवून आपण आपला माल विकतो.

आणि कुठलाही नवीन नमुना विकायला काढण्याआधी पंधरा दिवस स्वतः घाला. विहिरीवर जाताना, भात लावताना, एसटीत, घामात. रात्री काढून ठेवा, सकाळी परत घाला. माझ्या गळ्यात आत्ता लसण्याची एक माळ आहे, नववा दिवस. हुकाशी एक कडी थोडी उघडू लागली आहे, तेव्हा उद्या ती सोडवून जाड तारेची घालणार आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजणार.