स्वस्त डेटा अ‍ॅक्विझिशन उपकरण निवडताना

टेबलावरील सर्किटचे व्होल्टेज संगणकावर नोंदवायचे, म्हणजेच डेटा अ‍ॅक्विझिशन करायचे, तर महागडे उपकरणच हवे, असा समज फोंड्यातील माझ्या छोट्या कार्यशाळेत मीही बराच काळ बाळगला होता. खरेदीपूर्वी सिग्नल किती वेगाने बदलतो आणि किती सूक्ष्म फरक दिसायला हवा, एवढे ठरवावे. बॅटरी किंवा तापमानासारख्या संथ मोजणीसाठी आर्डुइनो उनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डला एडीएस१११५ हे व्होल्टेजचे आकड्यांत रूपांतर करणारे १६-बिट मॉड्यूल जोडले की पुरते. उनोच्या स्वतःच्या १०-बिट इनपुटवर एक पायरी (ओळखता येणारा सर्वांत लहान फरक) सुमारे ४.९ मिलिव्होल्टची असते, तर या मॉड्यूलवर ४.०९६ व्होल्टच्या पल्ल्यात ती ०.१२५ मिलिव्होल्टची होते. वेग मात्र सेकंदाला कमाल ८६० नमुने (मोजण्या), म्हणून ध्वनीसाठी ते निरुपयोगी. इनपुटवर मॉड्यूलच्या पुरवठ्याहून अधिक व्होल्टेज देऊ नये. १२ व्होल्टची बॅटरी व्होल्टेज कमी करणाऱ्या रोधकांच्या विभाजकातूनच जोडावी. (आपल्याकडच्या पावसाळ्यात मॉड्यूल हवाबंद डबीत ठेवावे.)