वेदनाशामक टोचल्यावर गाई-म्हशीचे दूध कधी विकावे?

ताप किंवा कासेच्या सुजेवर वेदनाशामकाचे इंजेक्शन दिले की जनावर बहुधा दुसऱ्याच दिवशी वैरण खाऊ लागते आणि दूध पुन्हा डेअरीला जाऊ लागते. जनावराला उतार पडणे आणि औषध अंगातून निघून जाणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इंजेक्शन देतानाच औषधाचे नाव, मात्रा, तारीख व वेळ गोठ्यातील वहीत लिहावी आणि कुपीवरील किंवा सोबतच्या पत्रकावरील दूध व मांस वर्ज्य ठेवण्याचा काळ पशुवैद्यकांकडून समजून घ्यावा. तो छापलेला नसेल, तर भारतीय नियमांनुसार दुधासाठी किमान ७ आणि मांसासाठी किमान २८ दिवस धरावे लागतात. दिवस शेवटच्या मात्रेपासून मोजावेत. पहिल्या मात्रेपासून मोजण्याची चूक सर्रास होते.

मेलॉक्सिकॅमचे उदाहरण घेऊ. रक्तातील प्रथिनांना घट्ट चिकटून राहणारे हे औषध यकृतात हळूहळू विघटित होते आणि लघवी व शेणावाटे बाहेर पडते. थोडा अंश दुधातही उतरतो. दुभत्या गाईच्या रक्तातील त्याचे प्रमाण निम्मे व्हायला सुमारे साडेसतरा तास लागतात, म्हणजे साडेतीन दिवसांनंतरही सुमारे साडेतीन टक्के उरतेच. युरोपात त्याच्यासाठी दूध ५ आणि मांस १५ दिवस वर्ज्य ठरवले आहे, ते उगाच नव्हे. यकृत किंवा मूत्रपिंड बिघडलेल्या जनावरात याहून उशीर लागू शकतो, म्हणून अशा वेळी पशुवैद्यकांना पुन्हा विचारावे. वर्ज्य काळ संपेपर्यंत उपचार केलेल्या जनावराची धार शेवटी आणि वेगळ्या भांड्यात काढावी. दूध उकळल्याने औषध निघून जाते, या समजावर विसंबू नये.

औषध निवडतानाही जपावे. डायक्लोफिनॅकवर २००६ पासून, तर किटोप्रोफेन व अ‍ॅसिक्लोफिनॅकवर २०२३ पासून जनावरांसाठी बंदी आहे. अ‍ॅसिक्लोफिनॅकचे तर गुरांच्या शरीरात डायक्लोफिनॅकच बनते. उपचारानंतर लवकरच मेलेल्या गुराच्या मांसातील डायक्लोफिनॅकने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात. माणसांसाठीच्या कुप्या गोठ्यात वापरण्याची पळवाट म्हणूनच घातक आहे. मेलॉक्सिकॅम आणि टोल्फेनामिक अ‍ॅसिड हे गिधाडांना सुरक्षित ठरलेले पर्याय आहेत. उपचार चालू असताना जनावर दगावले आणि औषध कोणते होते याची खात्री नसेल, तर ते उघड्यावर न टाकता विहीर-ओढ्यापासून दूर, खोल खड्ड्यात पुरावे.