एनडीएचा एकच फॉरमॅट कसा बसवायचा

नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरी एमआयडीसीतल्या बऱ्याच युनिटमध्ये एनडीए (दिलेली माहिती गुप्त ठेवायचा करार) म्हणजे नेटवरून उतरवलेला कुठला तरी अमेरिकन फॉरमॅट, नावं बदलली की झालं, आणि शेवटी अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याचा कायदा तसाच राहिलेला असतो. असं नका करू. वकिलाकडून एकदाच नीट ड्राफ्ट करून घ्या, आतला मजकूर लॉक करा आणि पार्टी, काम, मुदत, तारीख सगळं पहिल्या पानावर घ्या, बदल फक्त तिथेच होतील. दोन नमुने पुरतात: एकाच बाजूने माहिती जाते तो, आणि दोन्हीकडून जाते तो.

खरी डोकेदुखी म्हणजे गोपनीय माहितीची व्याख्या. माझं सगळ्यात जास्त डोकं याच क्लॉजने खाल्लं आहे. 'दिलेली सर्व माहिती गोपनीय' लिहा, जितकं मोघम तितकं सेफ, असं सांगणारे भरपूर भेटतील, त्यांचं अजिबात ऐकू नका. उद्या मनाई हुकूम मागायला गेलात की पहिला प्रश्न हाच, नेमकी कोणती माहिती फुटली? आपल्याकडे ट्रेड सीक्रेटचा, म्हणजे धंद्यातल्या गुपितांचा, वेगळा कायदा नाही, त्यामुळे बरीचशी भिस्त या कागदावरच असते. म्हणून पहिल्या पानावर स्पष्ट लिहा: अमुक नंबरचं ड्रॉइंग, त्याच्या पुढच्या रिव्हिजन, त्यावरचं कॉस्टिंग, कस्टमरची यादी.

तोंडी माहिती 30 दिवसांत लेखी कळवली तरच गोपनीय, ही अट तर काढूनच टाका. काहून की शॉप फ्लोअरवर फिरता फिरता सांगितलेलं नंतर कोणी मेल करत नाही, आणि बरेचदा तीच माहिती सगळ्यात महागाची असते. त्याऐवजी 'परिस्थितीवरून गोपनीय आहे हे कळायला हवं अशी माहिती' असं घाला. अपवाद चारच: आधीच जगजाहीर असलेली, समोरच्याला आधीपासून माहीत असलेली, त्याने स्वतः शोधलेली, तिसऱ्याकडून रीतसर मिळालेली. कोर्टाने मागितलेली माहिती या यादीत टाकू नका, काहून की ती तेवढ्यापुरतीच द्यायची असते, बाकी जगासाठी ती गोपनीयच राहते. तिला वेगळं कलम द्या आणि द्यायच्या आधी आपल्याला कळवायची अट ठेवा.

'पुढे आमच्या धंद्यात उतरणार नाही' असलं काही यात कोंबू नका, 1872 च्या करार कायद्याचं कलम 27 आडवं येतं. 50 लाखांचा दंड लिहून समोरच्याला घाबरवण्यातही अर्थ नाही, कलम 74 प्रमाणे कोर्ट वाजवी भरपाईच देतं, तो आकडा म्हणजे फक्त वरची मर्यादा.

स्टॅम्प पेपर 500 चा, ऑक्टोबर 2024 पासून 100 चा चालत नाही, आणि कमी स्टॅम्पचा कागद फरक आणि दंड भरल्याशिवाय पुराव्यात घेत नाहीत. नोटरी सक्तीची नाही. वादासाठी नागपूरचं कोर्ट लिहा, पण कामाचा किंवा पार्टीचा नागपूरशी काही संबंध असला तरच ते टिकतं.

सही झाल्याशिवाय ड्रॉइंग व्हॉट्सअॅपवर टाकू नका, आणि मुदत संपायची तारीख त्याच दिवशी एक्सेलमध्ये चढवा, म्हणजे दिलेले कागद वेळेवर परत मागता येतात.