नळी कशाला टेकते आहे? रिमफायर रायफल शिकणाऱ्यांसाठी थोडा अनुभव

रिमफायर रायफलवर, म्हणजे जिच्या काडतुसाच्या मागच्या कडेवर आघात होऊन गोळी सुटते अशा रायफलवर, नेमबाजी शिकायला लागल्यावर पहिले वर्षभर माझे सगळे लक्ष श्वास, ट्रिगर आणि काडतुसांची निवड यांवरच होते. रायफलची नळी कशाला, कुठे आणि किती दाबाने टेकते, हा प्रश्न माझ्या मनात एकदाही आला नाही. टेबलावर वाळूच्या पिशवीचा आधार देऊन साइट (नेम धरण्याचे साधन) लावून घेतलेली तीच रायफल प्रोन स्थितीत, म्हणजे पालथे झोपून, स्लिंग (हाताला अडकवायचा पट्टा) घट्ट आवळून धरली, की ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरचा गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका, लहानच पडे, पण मध्यापासून खाली आणि डावीकडे सरकलेला असे. हा दोष माझ्या बोटाचाच आहे असे धरून मी कित्येक आठवडे काडतूस न भरता ट्रिगर ओढण्याचा सराव केला. अखेर प्रशिक्षकांनी लक्ष्याचे चार-पाच कागद एकावर एक धरून पाहिले आणि म्हणाले, "अरे, ग्रुप फुटलेला नाही, नुसता सरकला आहे. बोटाची चूक असती तर तो पसरला असता. आधी नळी बघ."

रायफल रिकामी असल्याची खात्री करून, बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा भाग) काढून ठेवून, आम्ही साध्या कागदाची एक पट्टी नळी आणि ती ज्यावर बसते तो लाकडी दस्ता यांच्या मधल्या फटीतून मागे सरकवली. रायफल टेबलावर असताना पट्टी दस्त्याच्या टोकापाशी जराशी अडखळून पुढे गेली. मग मी प्रोन स्थितीत स्लिंग आवळली आणि प्रशिक्षकांनी पट्टी पुन्हा ओढली, तेव्हा ती तिथून सहज निघून आली. दस्ता काढल्यावर त्यातल्या नळीच्या खाचेच्या टोकाशी, नखाएवढ्या जागेत, व्हार्निश घासून चकचकीत झालेले दिसले. म्हणजे एरवी तिथले लाकूड नळीला खालून रेटत होते आणि स्लिंगने दस्ता खाली-डावीकडे ओढला की तो रेटा निघून जात होता.

इतक्या लहान गोष्टीने काय होते, हे आकड्यांनी चांगले समजते. ५० मीटर रायफलच्या आंतरराष्ट्रीय लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिमी असतो. ६०० मिमी लांबीच्या नळीचे तोंड केसाच्या जाडीइतके, म्हणजे ०.०६ मिमी जरी कलले, तरी ५० मीटरवर गोळी सुमारे ५ मिमी सरकते. त्यात या रायफलची .२२ (इंच) व्यासाची गोळी मंद. नळीतून बाहेर पडायला तिला दोन-तीन मिलीसेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात नळी कंप पावत असते. हा कंप प्रत्येक वेळी सारखा असेल तर काही बिघडत नाही, कारण साइट त्याच्याशी जुळवून घेता येते. आधार बदलला की मात्र कंपही बदलतो. म्हणूनच टेबलावरून नेम धरताना नळीच कठीण आधारावर टेकवली, की गोळ्या बहुधा त्या आधारापासून दूर, म्हणजे वर जातात. पिशवी नेहमी दस्त्याखाली ठेवावी, नळीखाली कधीही नाही, आणि दर वेळी त्याच जागी.

आम्ही गोल दांड्याला सँडपेपर गुंडाळून खाच हळूहळू मोकळी केली आणि उघड्या पडलेल्या लाकडावर व्हार्निशचा हात दिला, कारण उघडे लाकूड ओल शोषून पुन्हा फुगते. त्यानंतर स्लिंगवरचा ग्रुप मध्याच्या अगदी जवळ आला.

मात्र हे वाचून लगेच सँडपेपर हातात घेऊ नका. काही हलक्या रिमफायर रायफली दस्त्यात एकाच स्क्रूवर बसवलेल्या असतात आणि तिथे दस्त्याच्या टोकाचा दाब मुद्दाम ठेवलेला असतो. तो काढला तर ग्रुप बिघडूही शकतो. शिवाय घासून टाकलेले लाकूड परत आणता येत नाही. त्याआधी दस्त्याचे स्क्रू तपासावेत, आणि निर्मात्याने सांगितलेल्या टॉर्कलाच (पिळण्याच्या जोरालाच) ते आवळावेत. माझ्या मते अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

तपासणी करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी, काडतुसे एकाच लॉटची (उत्पादनाच्या एकाच खेपेची) घ्यावीत, वारा शांत असावा आणि पाच-पाच गोळ्यांचे निदान चार ग्रुप पाडावेत. एका सुंदर ग्रुपवर कधीही विश्वास ठेवू नये. प्रत्येक कागदावर ग्रुपचा आकार आणि त्याचे मध्यापासूनचे अंतर वेगवेगळे नोंदवावे. नळीच्या तोंडाशी बसवायचे ट्यूनरचे वजन, ज्याने गोळी कंपाच्या कोणत्या क्षणी बाहेर पडते हे जुळवता येते, ते या सगळ्यानंतर घ्यावे. नळी दस्त्याला कुठेतरी टेकत असताना ट्यूनर फिरवत बसलात, तर आज सापडलेली जागा स्लिंग थोडी सैल होताच उद्या चुकीची ठरते.