७६ तालुक्यांचा रंगीत तक्ता टर्मिनलवर नीट कसा दाखवायचा

मराठवाड्याच्या ८ जिल्ह्यांतल्या ७६ तालुक्यांचा पाऊस छापणारा प्रोग्राम २४ ओळींच्या टर्मिनलवर चालवला, की शेवटचे दोन-तीन जिल्हे तेवढे समोर उरतात. त्यासाठी स्वतः स्क्रोलिंग लिहीत बसू नका. लिनक्सवर लेस (less) हा पेजर, म्हणजे लांब मजकूर पडद्यापडद्याने दाखवणारा प्रोग्राम, बहुधा असतोच; मजकूर त्याच्या हवाली करा.

आउटपुट खरंच टर्मिनलवर जातंय का, ते आधी तपासा. फाइलमध्ये किंवा पाइपमध्ये (म्हणजे थेट दुसऱ्या प्रोग्रामकडे) जात असेल तर पेजरही नको आणि रंगही नको. नाहीतर रंगांचे कोड फाइलीत घुसतात आणि ग्रेपने (मजकुरात शब्द शोधणाऱ्या कमांडने) तालुका शोधताना डोकं पिकतं.

लेसला कॅपिटल आर आणि कॅपिटल एफ हे पर्याय द्या. आर नसेल तर रंगाऐवजी ‘ईएससी’चा कचरा दिसतो. स्मॉल आर टाळा. त्याने ओळींचा हिशेब चुकून पडदा फाटतो. एफमुळे मजकूर एका पडद्यात मावला तर लेस आपणहून बंद होतो. ५३० च्या आधीच्या आवृत्तीत मात्र तो मजकूर चमकून गायब होतो, तिथे कॅपिटल एक्सही जोडा. वापरणाऱ्याने लेसचे पर्याय आधीच ठरवून ठेवले असतील तर त्यांना हात लावू नका.

रंग प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला लावा आणि त्याच ओळीच्या शेवटी बंद करा. एकदाच लावून दहा ओळी रंगवल्या, तर वर-खाली सरकताना मधल्या ओळी कोऱ्या दिसतात.

खरी कटकट देवनागरीची. ‘हिंगोली’ची लांबी पायथन ७ सांगतो, डोळ्यांना अक्षरं तीनच दिसतात, काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. ही लांबी धरून मोकळ्या जागा भरल्या की रकाने वाकडे होतात, आणि काना किती जागा घेतो यावर सगळ्या टर्मिनलांचं एकमतही नाही. सोपी युक्ती: पावसाचे आकडे डावीकडे, तालुक्याचं नाव शेवटी. सर्व्हरवर अक्षरांऐवजी कोनी कंसांत ई० आणि ए४ दिसू लागले, तर लोकेल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) यूटीएफ-८, म्हणजे देवनागरी चालणाऱ्या एन्कोडिंगवर, नाही असं समजा.

मजकूर देऊन झाला की पाइप बंद करा आणि लेस संपेपर्यंत थांबा, नाहीतर शेलचा प्रॉम्प्ट मध्येच उगवतो. लेस बंद करायला कुणी अर्ध्यातच क्यू दाबला तर पाइप तुटल्याची एरर येते. ती गुपचूप गिळा.